सायकलिंगची शॉर्ट इतक्या लवकर का विरते आणि ती अंगाला नेमकी किती घट्ट असावी?

पंचगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात फुलेवाडी परिसरात राहतो. कामाच्या दिवशी पहाटे वाघबीळ किंवा जोतिबापर्यंत जाऊन परत येणे आणि रविवारी जमल्यास कळे, असळजमार्गे गगनबावडा गाठणे, असा माझा सायकलचा साधारण क्रम असतो. सायकल रोड बाईक प्रकारची आहे, त्यामुळे हँडल धरताना कमरेतून बरेच पुढे वाकावे लागते.

माझा प्रश्न शॉर्टबद्दल आहे. गेल्या दिवाळीत घेतलेली पॅडची शॉर्ट दुसरी दिवाळी यायच्या आतच निकामी होत आली आहे. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेपासून चार बोटे खाली, कापडाला बारीक गोळे आले असून तिथे हात फिरवला तर खरखरीत लागते. मागच्या बाजूला, सीटवर टेकतो त्या जागेच्या थोडे वर, कापड इतके विरले आहे की मागून येणाऱ्या मित्राने परवा मला बाजूला घेऊन ते सांगितले. पॅड मधोमध चपटे झाले आहे आणि त्याला आडवी घडी पडते. वाघबिळाच्या चढावर जागेवर बसून पेडल मारताना ही घडी नेमकी जांघेत टोचते. कमरेचे इलॅस्टिक मात्र अजून नव्यासारखे आहे.

शॉर्ट घेताना दुकानात मला सांगण्यात आले होते की नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे घ्यावे, म्हणजे बसायला मोकळे पडते. आमच्या गटातील काही जणांचेही हेच मत आहे, कारण त्यांच्या मते फार घट्ट कपड्याने रक्तप्रवाह अडतो. दुसरे काही जण म्हणतात की शॉर्ट कातडीसारखी बसली पाहिजे. धुण्याचे म्हणाल, तर ती घरातल्या इतर कपड्यांबरोबर पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजते, सकाळी दगडावर ब्रशने घासली जाते आणि गच्चीवर उन्हात वाळते.

दोष कापडाचा आहे, मापाचा आहे, की धुण्याचा, हे मला समजून घ्यायचे आहे. नवीन शॉर्ट घेताना ती अंगावर कशी पारखावी, आणि खांद्यावरून पट्टे असलेल्या बिब शॉर्टसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ताणाबाणा (इचलकरंजी)

नमस्कार. मी कापडाच्या धंद्यातला आहे, त्यामुळे आधी कापडाविषयी लिहितो. मापाविषयी माझ्यापेक्षा जास्त सायकल चालवणाऱ्यांनी लिहावे.

आमच्याकडे यंत्रमागावर जे कापड निघते त्यात उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते कापड फारसे ताणले जात नाही. शॉर्टचे कापड त्या जातीचे नाही. ते एकात एक अडकवलेल्या फाशांचे, म्हणजे बनियनसारखे निटिंगचे कापड असते आणि त्यात दोन वेगवेगळे तंतू असतात. आपल्या शॉर्टच्या आतली पट्टी वाचून पाहा. बहुधा पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्के नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि उरलेले इलास्टेन असे प्रमाण दिसेल. नायलॉनचे काम घर्षण सोसण्याचे आणि इलास्टेनचे काम ताणलेले कापड परत जागेवर ओढून आणण्याचे. इलास्टेन हा पॉलियुरेथेनच्या कुळातला तंतू १९५८ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने तयार केला आणि लायक्रा हे त्याचेच एक व्यापारी नाव आहे. मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणूनही तो परत येतो. उष्णता, क्लोरीन, कडक ऊन आणि कापडात मुरून राहिलेला घाम व तेल या चार गोष्टी मात्र त्याला सोसत नाहीत. कापडाच्या आत तो एकदा तुटला की पुन्हा सांधत नाही. त्याची ओढ गेली की नायलॉनचे फासे उघडे पडतात, आणि आपल्या मित्राला जे दिसले ते त्या उघड्या फाशांतून दिसले.

हे प्रत्यक्ष पाहता येते. शॉर्ट उलटी करून तिची मागची बाजू खिडकीपाशी मुठीवर ताणून धरावी. काळ्या कापडातून केसासारखी बारीक पांढरी टोके वर आलेली दिसली, तर ती तुटलेल्या इलास्टेनची टोके समजावीत. नायलॉनच्या रंगाईत इलास्टेनवर रंग नीट चढत नाही, म्हणून ती पांढरी दिसतात. मांडीवरचे गोळे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे बाहेरचे नायलॉनचे तंतू घासून तुटले आणि त्यांची टोके एकमेकांत गुरफटली. म्हणजे आपल्या एकाच शॉर्टला दोन निराळे विकार झालेले आहेत. मागची बाजू ऊन, घाम आणि धुणे यांनी विरली आहे, तर मांडीची बाजू कशावर तरी सतत घासून खराब झाली आहे. दोन्हींचा दोष एकाच कारणावर टाकला तर पुढच्या शॉर्टचीही तीच गत होईल.

धुण्याबाबत मी स्पष्टच लिहितो. पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजवणे, दगडावर ब्रश मारणे आणि एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर टाकणे हे सुती कपड्याला चालते, या कापडाला अजिबात चालत नाही. सायकलवरून आल्याबरोबर शॉर्ट साध्या थंड पाण्यात दोनदा खंगाळावी, म्हणजे घामातले मीठ निघून जाते. ते कापडात वाळले तर त्याचे खडे कापडाला आणि कातडीलाही काचतात. नंतर ती उलटी करून, लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तसला सौम्य द्रव साबण थोडासाच घालून हाताने चुरावी आणि फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलावे. पिळू नये, कारण पिळताना पॅडचे थर एकमेकांपासून सुटतात. कोरड्या पंचात गुंडाळून वरून दाबले की पुष्कळ पाणी निघते. वाळवायची ती सावलीत. यंत्रात धुवायची असेल तर पाणी तीस अंशांच्या वर नको, शॉर्ट जाळीच्या पिशवीत घालावी आणि चेन, हूक किंवा वेल्क्रो असलेले कपडे तिच्याबरोबर टाकू नयेत. पांढरे कपडे उजळवण्याचे ब्लीच आणि कपडे मऊ करण्यासाठी शेवटच्या पाण्यात घालतात ते सुगंधी द्रव या दोन्ही गोष्टी या कपड्यापासून दूर ठेवाव्यात. पहिल्याने इलास्टेन मरते, आणि दुसऱ्याचा थर तंतूंवर बसल्याने घाम बाहेर टाकण्याचा कापडाचा गुण जातो.

लांबपल्ला

ताणाबाणा यांनी कापडाची बाजू उत्तम मांडली आहे. मी मापाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या प्रश्नाचे मूळ तिथे आहे आणि एक माप मोठी शॉर्ट घेण्याचा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पॅडची शॉर्ट म्हणजे मऊ गादी शिवलेली हाफ पँट, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक तिचे पहिले काम घर्षण कातडीपासून दूर नेण्याचे आहे. पाय फिरत असताना कुठेतरी काहीतरी घासणारच. ते शॉर्टचे कापड आणि सीट यांच्यामध्ये घासले पाहिजे, कातडी आणि पॅड यांच्यामध्ये नव्हे. शॉर्ट अंगाला चिकटून असेल तर पॅड शरीराबरोबर हलते. शॉर्ट ढगळ असेल तर पॅड सीटला चिकटून राहते आणि त्याच्यावर कातडी फिरते. हे किती वेळा होते त्याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला पेडलचे ८० फेरे धरले तर तासाला ४८०० होतात. कोल्हापूर ते गगनबावडा हे सुमारे ५५ किलोमीटर अंतर ताशी २२ च्या गतीने अडीच तासांत कापले, तर नुसते जाताना १२,००० वेळा प्रत्येक मांडी त्याच जागी घासली जाते. सैल कापडाची एक बारीक चुणी तिथे असेल तर ती कातडीचे आणि कापडाचे काय करील, हे वेगळे सांगायला नको. आपण लिहिलेली पॅडची आडवी घडी हे माप मोठे असल्याचे सर्वात ठळक लक्षण आहे. ती घडी नव्या शॉर्टमध्येही पहिल्या दिवसापासून असणार. पॅडचा फेस, म्हणजे आतला स्पंजसारखा फोम, दबत गेला तशी ती पक्की झाली, इतकेच.

तालमीतला पैलवान लंगोट कसून बांधतो तो याच कारणासाठी: अंगाबरोबर जे हलते ते काचत नाही.

आता पारखायचे कसे ते लिहितो. नेहमीच्या पँटचा नंबर विसरावा. कंबर आणि नितंबांचा सर्वात रुंद घेर टेपने सेंटिमीटरमध्ये मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा, कारण एका कंपनीचे मध्यम माप दुसऱ्या कंपनीचे मोठे माप असू शकते. आपण दोन मापांच्या बरोबर मध्ये येत असाल तर सहसा लहान माप बरे, कारण वापराने हे कापड थोडे सैलावतेच, आवळत नाही. घालून पाहताना उभ्याने आरशात बघून निर्णय घेऊ नये. ही शॉर्ट वाकलेल्या शरीरासाठी बेतलेली असते. उभे राहिल्यावर पोटापाशी थोडी चुणी पडणे आणि बिब शॉर्टचे पट्टे खांद्यावर ओढल्यासारखे वाटणे हे बरोबर माप असल्याचे चिन्ह आहे. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून हँडल धरल्यासारखे वाकावे. त्या स्थितीत पट्ट्यांची ओढ नाहीशी झाली आणि पोटावरची चुणी गेली की माप जुळले. मग एकेक गुडघा छातीकडे उचलावा आणि पॅड जागचे हलते का ते पाहावे. जांघेत आडव्या सुरकुत्या दिसल्या तर शॉर्ट मोठी आहे. मांडीवरचे कापड चिमटीत धरून सहज वर उचलले गेले तरी मोठीच आहे. उलट, वाकल्यावर मागचे कापड चकाकू लागले, शिवणी ताणून त्यांतले टाके दिसू लागले किंवा मांडीच्या पट्टीच्या वर मांस फुगून आले तर ती लहान आहे. पट्टीचा पुसट वळ मांडीवर राहणे मात्र नेहमीचे आहे. त्याला घाबरू नये.

रक्तप्रवाहाची शंका पुष्कळ जण काढतात. बरोबर मापाच्या शॉर्टचा दाब सगळीकडे सारखा आणि हलका असतो, त्याने रक्त अडत नाही. जांघेत मुंग्या येणे किंवा बधिरपणा येणे याचे कारण बहुतेक वेळा सीटच्या दाबात असते, आणि तो अनुभव येत असेल तर शॉर्ट बदलण्याआधी सीटची उंची, कल आणि रुंदी तपासून घ्यावी. बधिरपणा सोसत सायकल चालवत राहू नये.

आत अंडरवेअर घालू नये, हे आपण जाणत असालच, तरी वाचणाऱ्या नवख्यांसाठी लिहितो. सुती अंडरवेअर घाम धरून ठेवते आणि तिच्या शिवणी नेमक्या बैठकीच्या हाडांखाली येतात, म्हणजे पॅडचा सगळा उपयोग वाया जातो. दुकानात घालून पाहताना मात्र स्वच्छतेसाठी पातळ अंडरवेअरवरूनच पाहावे.

पॅड जितके जाड तितके चांगले, हाही असाच एक गैरसमज आहे. दुकानात अंगठ्याने दाबल्यावर सुखावह वाटणारे फुगीर, मऊ पॅड अर्ध्या तासात हाडांखाली पूर्ण दबते आणि बाजूला फुगून जांघेत घासू लागते. फेसाची घनता जास्त हवी, आणि तीही सगळीकडे सारखी नको: बैठकीच्या हाडांखाली घट्ट व जाड आणि कडांना पातळ होत गेलेले पॅड अंगाला बसते. फेस असंख्य बारीक पेशींचा असतो; वारंवार दबून त्या पेशींच्या भिंती तुटतात आणि मग पॅड परत फुगत नाही. जुन्या शॉर्टचे पॅड मधोमध आणि कडेला अंगठ्याने दाबून दोन्हींची तुलना करावी. कडा लगेच वर येत असेल आणि मध्य तसाच खोल राहत असेल, तर कापड कितीही चांगले दिसले तरी त्या शॉर्टचे आयुष्य संपले.

पूर्वी या शॉर्ट लोकरीच्या असत आणि आत युरोपातील शॅमॉय नावाच्या डोंगरी जनावराचे मऊ कातडे शिवलेले असे. धुतल्यावर ते कातडे कडक होई, म्हणून सायकलपटू त्याला मलम चोळून मऊ करत. आजच्या पॅडला तसल्या मलमाची गरज नाही. लावायचेच तर ते स्वतःच्या कातडीसाठी लावावे.

बिब शॉर्टसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे. आपण रोड बाईकवर खाली वाकता, तेव्हा कमरेचे इलॅस्टिक पोटात रुतते, मागून शॉर्ट खाली सरकते आणि तिच्याबरोबर पॅडही सरकते. पट्ट्यांमुळे हे होत नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. इतका वेळ सीटवर काढायचा असेल तर पॅड जागेवर राहणे ही चैन उरत नाही. लघुशंकेसाठी थांबताना बिब शॉर्टची थोडी अडचण होते, हे खरे आहे. महागड्या एकाच शॉर्टपेक्षा मध्यम किमतीच्या, बरोबर मापाच्या दोन घेऊन आलटून पालटून वापराव्यात, असे मी सुचवीन.

सह्यवाट

वरील सर्व दादांनी चांगली माहिती दिली आहे. दोन गोष्टींची भर घालते, कारण त्या इथे फारशा बोलल्या जात नाहीत.

पहिली गोष्ट महिलांच्या शॉर्टची. दुकानात पुष्कळदा पुरुषांचीच शॉर्ट लहान मापात पुढे केली जाते आणि फरक फक्त रंगाचा आहे असे सांगितले जाते. फरक पॅडच्या आकाराचा आहे. बैठकीच्या दोन हाडांमधील अंतर सर्वसाधारणपणे स्त्रियांमध्ये जास्त असते, म्हणून महिलांचे पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असते, आणि पुढच्या भागात मधोमध शिवण नसते. पुरुषांचे पॅड वापरले तर हाडे पॅडच्या कडेवर टेकतात आणि पुढचा जादा भाग दुमडतो. नितंबांच्या मानाने कंबर बारीक असल्यास कमरेचे माप धरून शॉर्ट घेऊ नये. नितंबांचे माप धरावे आणि कमरेसाठी रुंद पट्टीची किंवा बिबची निवड करावी. मागचा भाग क्लिपने किंवा चेनने सोडता येतो अशा महिलांच्या बिब शॉर्ट आता मिळतात. गगनबावड्याच्या वाटेवर स्वच्छतागृहांची जी स्थिती आहे ती पाहता, प्रत्येक वेळी जर्सी उतरवावी न लागणे ही मोठी सोय आहे.

दुसरी गोष्ट कातडीची आणि पावसाची. जांघेतला ओलावा, दाब आणि घर्षण एकत्र आले की आधी चट्टा उठतो आणि मग केसतोड होते. घरी आल्यावर त्याच शॉर्टमध्ये चहा-नाश्ता करत बसण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी. आल्याबरोबर शॉर्ट काढून अंघोळ करावी. खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून सायकल चालवणारे पुष्कळ आहेत. त्याने त्या दिवशी बरे वाटते, पण हा चिकटपणा थंड पाण्यात पॅडमधून निघत नाही आणि धुळीला धरून ठेवतो. पाण्याने धुऊन जाणारे क्रीम त्यापेक्षा चांगले. जांघेत गोल, कडेने लाल आणि खाजणारा चट्टा उठला तर तो गजकर्ण असू शकतो. त्यावर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम स्वतःच्या मनाने आणून लावू नये. खाज थांबते आणि संसर्ग आत पसरत राहतो. अशा वेळी त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवावे.

आषाढ-श्रावणात आपल्याकडे शॉर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही. कापड वाळलेले वाटते, पण पॅड आतून ओले असते. ती उलटी करून, पॅड बाहेरच्या बाजूला येईल अशी पंख्याखाली टांगावी आणि घालण्यापूर्वी पॅड गालाला लावून पाहावे. किंचित गार लागले तरी ते ओले आहे. पावसात मागच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका सीटवर आणि शॉर्टच्या मागच्या भागावर येतो, आणि त्यातली बारीक वाळू तासन्‌तास कापड घासत राहते. मडगार्ड लावले तर शॉर्टचे आयुष्य नक्की वाढते. अशी शॉर्ट कोरडी झाल्यावर झटकू नये. ओली असतानाच नळाखाली धरून सगळी वाळू निघू द्यावी.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शॉर्ट मुठीवर ताणून खिडकीत धरली, तेव्हा ताणाबाणा यांनी सांगितलेली पांढरी टोके मागच्या भागात सगळीकडे दिसली. वाकून पाहिले तर जांघेतल्या सुरकुत्याही तशाच आहेत. मापाचे आणि धुण्याचे आता मला पूर्ण पटले आहे. एकच गोष्ट उलगडत नाही. माप मोठे असल्यामुळे मांडी घासली असेल तर दोन्ही मांड्यांना सारखे गोळे यायला हवे होते. माझ्या शॉर्टची डावी बाजू अगदी गुळगुळीत आहे. हे एकाच बाजूला का व्हावे?

पाना-पंप

मी सायकल दुरुस्तीचे काम करतो. झीज एकाच बाजूला असेल तर शॉर्ट बाजूला ठेवून सायकलकडे बघावे.

सर्वात आधी सीटखाली टांगलेली पंक्चर सामानाची पिशवी पाहा. तिचा पट्टा सीटपोस्टभोवती, म्हणजे सीटखालच्या उभ्या दांड्याभोवती, वेल्क्रोने बांधलेला असतो. त्याचे टोक नीट जुळले नाही तर वेल्क्रोची आकड्यांची बाजू अर्धा इंच उघडी राहते, आणि पेडल मारताना मांडीची आतली बाजू प्रत्येक फेऱ्याला तिच्यावरून जाते. अशा शॉर्टला जांघेच्या खाली, एका ठरावीक पट्ट्यातच गोळे येतात. आपले वर्णन त्याच्याशी जुळते आहे.

तिथे काही नसेल तर सीटचे कव्हर तपासा. बोटांना खडबडीतपणा कळत नाही. हातात जुना नायलॉनचा पायमोजा घालून सीटच्या दोन्ही कडांवरून आणि नाकावरून अलगद फिरवा. कुठे सुटलेली शिवण, उन्हाने तडकलेले रेक्झिन किंवा सायकल भिंतीला टेकवताना खरचटलेली जागा असेल, तर मोजा तिथे अडकेल. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावरची माती सीटच्या शिवणीत भरून बसते, तीही ओल्या फडक्याने काढावी.

त्यानंतर सीटची उंची. सायकल भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. टाच पेडलपर्यंत पोहोचण्यासाठी कंबर एका बाजूला कलत असेल तर सीट उंच आहे, आणि चालवताना नितंब डावी-उजवीकडे डोलतात. ज्या बाजूला माणूस जास्त कलतो त्या बाजूची शॉर्ट आधी झिजते. सीटचे नाक बरोबर मधल्या नळीच्या रेषेत आहे का, तेही मागे उभे राहून पाहावे. कल पाहण्यासाठी गवंडी वापरतात ती पाणसळ सीटवर लांबीने ठेवावी. सुरुवातीला सीट समपातळीत असणे चांगले. नाक खाली झुकलेले असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि हातांनी रेटून मागे सरकतो, आणि त्या सरकण्यातच शॉर्टचा मागचा भाग घासला जातो.

पंचगंगाकाठ

पिशवीचा पट्टा पाहिला. वेल्क्रोचे टोक उजव्या बाजूलाच वर आलेले आहे आणि त्यात काळे तंतू अडकलेले दिसत आहेत. आपले फार आभार. सीटची उंची आणि कल उद्या सकाळी तपासतो. शेवटची शंका अशी की ही शॉर्ट कोणत्या उपयोगाची उरली आहे? इलॅस्टिक चांगले आहे, म्हणून विचारतो. शिंप्याकडून मागे कापड लावून घेता येईल का, किंवा नवे पॅड शिवून मिळेल का?

ताणाबाणा (इचलकरंजी)

मागे ठिगळ लावू नये. दुहेरी कापडाची कड नेमकी सीटवर येईल आणि विरलेले जुने कापड नव्या टाक्यांना धरणार नाही. शिवणीच्या बाजूनेच ते फाटत जाईल. पॅडचेही तेच. सुटे पॅड मिळते, पण कारखान्यात ते ताणलेल्या कापडावर, ताणाला पुरे पडणाऱ्या टाक्याने बसवतात. साध्या मशीनच्या सरळ टाक्याने शिवले तर शॉर्ट ताणताच दोरा तुटतो, किंवा तुटला नाही तर त्याची कड कातडीला काचते.

शॉर्टचे कापड सुदृढ असताना एखादी शिवण उसवली, तर ती दुरुस्त करण्यासारखी असते. त्यासाठी टी-शर्ट आणि ट्रॅक पँट शिवणाऱ्या कारागिराकडे जावे, कारण त्याच्याकडे ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन असते. दोरा ताणला जाणारा टेक्स्चर्ड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा वापरायला सांगावा, आणि शिवण शक्यतो सपाट बसेल असे पाहावे. उसवलेला भाग दोन बोटांएवढा असतानाच न्यावा. त्याच स्थितीत आणखी काही दिवस चालवली तर शिवणीच्या कडेचे कापडही विरते आणि मग टाका घालायला जागा राहत नाही.

आपली आताची शॉर्ट पावसाळी सैल पँटच्या आत, बाजारहाटाच्या छोट्या अंतरासाठी वापरता येईल. वाघबिळाच्या चढासाठी मात्र ती यापुढे घालू नये.